भोंगा, अजान आणि आपला दिवस



पवित्र कुरआनातील काही सूरहांची नावे दिवसाच्या वेळांवरून आलेली आहेत. अल-फज्र म्हणजे पहाट, अज्-जुहा म्हणजे चढते ऊन, अल-लैल म्हणजे रात्र. अल-असर म्हणजे काळ. काही मुफस्सिरांच्या मते दिवसाचा उतरता प्रहर. या चारही सूरहांच्या आरंभी अल्लाहने त्या त्या वेळेची शपथ घेतली आहे. ज्या वस्तूची शपथ घेतली जाते तिच्याकडे माणसाने लक्ष द्यावे, हा त्यामागील एक हेतू मुफस्सिरांनी सांगितला आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहाट वेगळी, दुपार वेगळी, सांज वेगळी आणि रात्र वेगळी. प्रत्येकीचे स्वरूप निराळे आणि प्रत्येकीचे कामही निराळे. सूरह अन्-नबामध्ये झोप ही विश्रांती, रात्र हे आवरण आणि दिवस हा उपजीविकेसाठी असल्याचे सांगितले आहे. अल्लाहने आपल्याला चोवीस तासांचा एकसारखा गोळा दिलेला नाही. त्याने वाटून दिलेला दिवस दिला आहे.

आज आपल्या घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : वेळ पुरत नाही. दुकानदार हेच म्हणतो, विद्यार्थी हेच म्हणतो, गृहिणीही हेच म्हणते. वास्तविक दिवस पूर्वीइतकाच आहे, आणि पाणी भरणे, दळण, सरपण, पायी चालणे यांत आपल्या आजी-आजोबांचे जे तास जात, त्यांतील बरेचसे यंत्रांनी वाचवून दिले आहेत. मग ते वाचलेले तास गेले कोठे? या लेखाचे उत्तर थोडक्यात असे आहे : आपल्याजवळचा वेळ घटलेला नाही, त्याच्या सीमा पुसल्या गेल्या आहेत. हे कसे घडले आणि शरीअतने त्यावर कोणता उपाय पूर्वीच ठेवला आहे, ते आपल्या सोलापूरच्याच उदाहरणावरून पाहू.

सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ

सोलापूरचा सूर्य आणि सोलापुरातील घड्याळ यांत अंतर आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतात एक प्रमाणवेळ सुरू झाली. ती ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर बेतलेली असून हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. सोलापूर त्याच्या पश्चिमेस, सुमारे ७५ अंश ५४ मिनिटांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे सोलापूरचा सूर्य घड्याळाच्या सरासरी २६ मिनिटे मागे असतो. घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा येथे खरी माध्यान्ह झालेली नसते. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. सूर्य कलल्यावर, म्हणजे जवाल झाल्यावरच जुहरचा वक्त सुरू होतो. म्हणून जुहरची वेळ घड्याळाच्या बाराशी बांधता येत नाही. ती आकाशाशी बांधलेली आहे.

प्रमाणवेळेपूर्वी गावोगावचे लोक आपापल्या सूर्याने चालत. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरास पोहोचली. पुढे रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी मद्रासची वेळ धरली आणि शहरातील माणसाला प्रथमच दोन वेळा सांभाळाव्या लागल्या : एक स्टेशनची, दुसरी आपल्या अंगणातील सावलीची. आज सावली कोणी पाहत नाही. मात्र नमाज आणि रोजा यांच्यासाठी ती सावली अजूनही जिवंत आहे.

याचा व्यवहारातील परिणाम लहान नाही. मुंबई सोलापूरच्या पश्चिमेस सुमारे तीन अंशांवर आहे. त्यामुळे सोलापुरात पहाट आणि सूर्यास्त मुंबईच्या साधारण दहा ते पंधरा मिनिटे आधी होतात. आता कल्पना करा, एखाद्या घरात भिंतीवर मुंबईचे वेळापत्रक आहे किंवा मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये शहराचे नाव मुंबई राहून गेले आहे. त्या घरातील माणसे रमजानमध्ये सहरी संपल्यानंतरही खात राहतील. सुबह सादिक झाल्यावर खाल्ले तर, न कळत खाल्ले असले तरी, हनफी मतानुसार त्या रोजाची कजा करावी लागते. म्हणून आजच आपल्या घरातील वेळापत्रक आणि अ‍ॅप तपासा. त्यावर सोलापूरचेच नाव आहे ना, हे पाहा. शंका असेल तर आपल्या मोहल्ल्याच्या मशिदीच्या इमामांना दाखवा.

आपल्या पूर्वजांनी या गोष्टीला किती महत्त्व दिले होते! मोठ्या मशिदींत वेळ ठरवण्यासाठी मुवक्कित नावाचा स्वतंत्र जाणकार नेमला जात असे. दमिश्कच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अश्-शातिर हे चौदाव्या शतकातील नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी त्या मशिदीच्या मिनारासाठी एक उत्कृष्ट छायायंत्र तयार केले. नमाजची वेळ अचूक कळावी या गरजेतून मुस्लिम समाजात गणित आणि खगोलशास्त्र जोपासले गेले. वेळेची शिस्त युरोपाच्या कारखान्यांनी आपल्याला शिकवली, असा समज कोणी करून घेऊ नये. सूरह अन्-निसाच्या १०३ व्या आयतीत नमाज ठरावीक वेळांत बांधून फर्ज केल्याचे सांगितले गेले, तेव्हाच ही शिस्त आपल्याकडे आली होती.

भोंग्याचे शहर

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी चालू झाली. पुढे ती जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. नरसिंग गिरजी, विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्या त्यानंतर उभ्या राहिल्या. गिरण्यांबरोबर शहरात भोंगा आला. भोंग्यावर चुली पेटत, भोंग्यावर माणसे घराबाहेर पडत, भोंग्यावर पाळी सुटे. जुन्या पिढीतील अनेकांकडे घड्याळ नव्हते. भोंगा हेच त्यांचे घड्याळ. पहाटे अजान आणि भोंगा असे दोन आवाज या शहरावरून जात. पहिला आवाज निर्मात्याकडे बोलावी, दुसरा यंत्राकडे.

त्या काळी यंत्राला माणसाच्या थकव्याची फिकीर नव्हती. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले, यावरून त्यापूर्वीची स्थिती ध्यानात यावी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मुंबईत कामाचा दिवस सूर्यास्ताच्याही पलीकडे गेला. १९११ मध्ये कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची सीमा ठरली, १९३४ मध्ये दहा तासांची. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली. हा एकेक तास कष्टकऱ्यांनी झगडून परत मिळवलेला आहे.

या इतिहासात आपल्या शहरातील एका तरुणाचे नाव आदराने घ्यावे लागते. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांचे नेते होते. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्यानंतरच्या खटल्यात त्यांना आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना फाशीची शिक्षा झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात ती अमलात आली. कुर्बान हुसेन तेव्हा ऐन तारुण्यात होते. तिरमिजीतील एका हदीसचा आशय असा आहे की, कियामतच्या दिवशी काही प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय बंद्याची पावले जागची हलणार नाहीत. त्यांतील पहिला प्रश्न आयुष्याविषयीचा असेल. आणि तो आयुष्य किती लांब होते असा नसून, ते कशात घालवले असा असेल.

भोंगा थांबल्यानंतर

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून गिरण्या बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. भोंग्याच्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याने अनेकांची उमेद आणि फुप्फुसे दोन्ही घेतली. पण त्याच्या ठायी एक गुण होता. तो जसा सुरू करी, तसा थांबवीही. पाळी सुटली की माणूस मोकळा होई. आणि एकाच भोंग्याने मोहल्ल्यातील बहुतेक माणसे एकाच वेळी घरी येत असल्याने सायंकाळ सर्वांची सामाईक असे.

आज एकाच घराकडे पाहा. थोरला मुलगा यंत्रमागावर रात्रपाळीला जातो. धाकटा पुण्याच्या कंपनीसाठी घरातूनच संगणकावर काम करतो आणि त्याला रात्री अकरालाही संदेश येतात. आई चादर-टॉवेलची शिलाई करते किंवा बिड्या वळते; ते काम घरातच असल्याने कधीच संपत नाही. मुलगी शाळेनंतर शिकवणीला जाते. दुकान दहापर्यंत उघडे राहते. एका दस्तरखानवर सर्वजण शेवटचे कधी बसले, हे आठवावे लागते.

त्यात मोबाइलची भर पडली. मोबाइल हे अल्लाहने दिलेल्या सोयींपैकी एक आहे. दूर असलेल्या लेकराचा चेहरा तो दाखवतो, कुरआनची तिलावत ऐकवतो, व्यापार सोपा करतो. परंतु त्याच्या रचनेत एक गोष्ट नाही : शेवट. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. असे चालवणाऱ्या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर असते आणि आपण जितका वेळ पाहत राहू तितकी ती वाढते. म्हणजे आपला वेळ हाच तेथील माल आहे. गिरणीमालक निदान तासांचे दाम देत असे. येथे तास आपण फुकट देतो.

आता अजानकडे पाहा. तिच्या मागे जो वक्त आहे त्याला आरंभ आहे आणि शेवटही आहे. सूरह अल-जुमुआच्या नवव्या आयतीत शुक्रवारच्या नमाजची हाक येताच खरेदी-विक्री सोडून येण्याचा आदेश आहे, आणि लगेच दहाव्या आयतीत नमाज झाल्यावर भूमीवर पांगून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले आहे. थांबण्याचा आदेश आहे, तसाच पुन्हा कामाला लागण्याचाही निर्देश आहे. दिवसातून पाच वेळा हातातील गोष्ट खाली ठेवण्याची सवय ज्याला लागली, त्याला कोणतीही गोष्ट खाली ठेवता येते. नमाज ही प्रथमतः अल्लाहची इबादत आहे; पण जो ती वेळेवर अदा करतो, त्याच्या दिवसाच्या सीमाही ती सांभाळते.

प्रत्येकाला त्याचा हक्क

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. पैगंबर (स.) यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दर्दा (रजि.) यांच्यात बंधुत्व जोडून दिले होते. एकदा सलमान (रजि.) त्यांच्या घरी गेले. अबू दर्दांच्या पत्नी अगदी साध्या, उदास वेशात दिसल्या. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या की, तुमच्या भावाला या संसाराशी काही कर्तव्य उरलेले नाही. अबू दर्दा (रजि.) आले, त्यांनी पाहुण्यासमोर जेवण ठेवले आणि स्वतः रोजा असल्याचे सांगितले. सलमान (रजि.) यांनी त्यांना नफ्ल रोजा सोडून सोबत जेवायला लावले. रात्री ते नफ्ल नमाजसाठी उठू लागले, तेव्हा सलमान यांनी त्यांना झोपण्यास सांगितले. पुन्हा उठू लागले, पुन्हा झोपवले. रात्रीचा शेवटचा प्रहर आल्यावर मात्र त्यांनीच त्यांना जागे केले आणि दोघांनी नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की, तुमच्या पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या शरीराचा आहे आणि तुमच्या घरच्यांचाही आहे. ज्याचा हक्क त्याला द्या. ही गोष्ट पैगंबर (स.) यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

या हदीसमध्ये वेळेचे संपूर्ण शास्त्र आहे. वेळ म्हणजे आपल्या मालकीची रिकामी जागा नसून त्यावर इतरांचे हक्क लागू आहेत. नफ्ल इबादतीसारख्या पवित्र कामानेही पत्नीच्या आणि शरीराच्या वाट्याचा वेळ घ्यायचा नाही, असे जेथे शिकवले गेले, तेथे आपण तो वेळ पडद्यावरील अनोळखी माणसांच्या भांडणांना द्यावा काय? समोर वृद्ध वडील बोलत आहेत आणि मुलाची नजर हातातील काचेवर आहे, तेव्हा जी गोष्ट वाया जाते ती केवळ वेळ नसते. एकाचा हक्क काढून तो दुसऱ्याला दिला गेलेला असतो. त्याचा हिशेब आहे.

घरातील स्त्रीचा वेळ

हक्कांचा विचार करताना एका हक्काकडे आपण पुरुष सहज डोळेझाक करतो. भारत सरकारने २०१९ मध्ये लोक आपला दिवस कसा घालवतात याची देशव्यापी पाहणी केली. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. म्हणजे एकीकडे पाच तास, दुसरीकडे दीड तासाहून थोडे अधिक. आणि बहुसंख्य पुरुष तर अशा कामांना हातच लावत नव्हते. सोलापुरातील बिडी कामगार स्त्री हे पाच तास देऊन शिवाय हजाराच्या हिशेबाने बिड्या वळते. तिला फजर आणि इशा यांच्यामध्ये स्वतःसाठी, दीन शिकण्यासाठी, दोन पाने वाचण्यासाठी वेळ कोठून मिळणार?

हजरत आयशा (रजि.) यांना कोणी विचारले की, पैगंबर (स.) घरी काय करीत असत? त्यांनी सांगितले की, ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी बाहेर पडत. हेही बुखारीतच आहे. ज्यांच्यावर संपूर्ण उम्मतचा भार होता, त्यांच्या दिवसात घरकामाला जागा होती. ताट उचलणे, पाणी भरणे, लेकराला निजवणे ही सुन्नत आहे, हे आपल्या मुलांना सांगा. आणि त्याआधी त्यांच्यासमोर ती करून दाखवा. घरातील पुरुषांनी रोज अर्धा तास उचलला तर घरातील स्त्रीला तो अर्धा तास मिळेल. तो इल्मसाठी वापरायचा की विश्रांतीसाठी, हे तिने ठरवावे.

विकलेला वेळ ही अमानत आहे

जो माणूस ठरावीक तासांसाठी कामावर राहतो, त्याला फिक्हमध्ये अजीर-ए-खास म्हणतात. त्या तासांचे मोल त्याने घेतलेले असते, म्हणून ते तास त्याच्याकडे मालकाची अमानत असतात. फर्ज नमाज आणि त्यासोबतच्या सुन्नत-ए-मुअक्कदा अदा करण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु हनफी फुकहांनी म्हटले आहे की, मालकाच्या अनुमतीशिवाय त्या तासांत नफ्ल पढू नये. नफ्लविषयी हे मत असेल, तर कामाच्या वेळेत मोबाइल चाळण्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. तसेच नमाजच्या नावाने अर्धा तास बाहेर रेंगाळणे म्हणजे नमाजचीच बदनामी करणे होय.

मालकांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी द्यावी आणि हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीपलीकडचे ओझे टाकू नये, या अर्थाच्या हदीस सर्वांना ठाऊक आहेत. मग ज्या मुस्लिम कारखानदाराच्या मागावर माणूस बारा बारा तास उभा राहतो, त्याने स्वतःला विचारावे की कायद्याने ठरवलेल्या तासांपलीकडचे हे तास कोणाच्या खात्यात लिहिले जात आहेत? शुक्रवारी मालक पहिल्या सफमध्ये आणि त्याचा कामगार मागापाशी, हे दृश्य शोभणारे नाही. आणि कामगार कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या विश्रांतीचा हक्क सारखाच आहे.

इशानंतरची रात्र

पैगंबर (स.) इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे नापसंत करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. उलमांनी यातून काही गोष्टी वगळल्या आहेत : इल्म शिकणे, पाहुण्याची सरबराई, पत्नी-मुलांशी संवाद, समाजाच्या गरजेची सल्लामसलत. उरते ते निरर्थक जागरण. कारणही उघड आहे. जो उशिरा झोपतो त्याची फजर धोक्यात येते.

माझ्या मते आपल्या काळातील सर्वांत मोठी पडझड याच ठिकाणी झाली आहे. पूर्वी अंधार पडला की दिवस आपोआप संपे. आता तो आपल्याला संपवावा लागतो. चौकात मध्यरात्रीपर्यंत बसणारी मुले, बारापर्यंत लांबणाऱ्या दावती, अंथरुणात चेहऱ्यावर पडलेला मोबाइलचा उजेड यांमुळे रात्र लांबते आणि पहाट गमावली जाते. रमजानमध्ये विजापूर वेस परिसरातील बाजार रात्री गजबजतो. व्यापाऱ्यांची ती कमाईची वेळ आहे, त्यांना दोष नाही. पण ज्या शेवटच्या दहा रात्रींत लैलतुल कद्र शोधायची, त्या सगळ्या रात्री कपडे आणि चपला शोधण्यात घालवल्या, तर तोटा कोणाचा? ईदची खरेदी शाबानमध्येही करता येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रात्रपाळीचा कामगार, रुग्णालयातील परिचारिका, वाहनचालक, पहारेकरी आणि तान्ह्या बाळाची आई हे निरर्थक जागरण करीत नाहीत. हलाल कमाईसाठी आणि सेवेसाठी जागणे हे पुण्यच आहे. त्यांनी आपल्या दिवसाच्या सीमा आपल्या पाळीप्रमाणे आखाव्यात : रात्रपाळीहून परतताना फजर अदा करून झोपावे आणि जुहरला उठण्याची व्यवस्था करावी. घरच्यांनीही त्यांच्या झोपेच्या वेळी आवाज कमी ठेवावा, कारण त्यांच्या शरीराचाही हक्क आहे.

पहाटेची बरकत

पैगंबर (स.) यांनी आपल्या उम्मतच्या पहाटेच्या कामांत बरकत मिळावी म्हणून दुआ केली आहे. तिरमिजी आणि अबू दाऊद यांत ही हदीस हजरत सख्र अल-गामिदी (रजि.) यांच्याकडून आली आहे. ते व्यापारी होते. आपला माल ते दिवसाच्या आरंभीच रवाना करीत, आणि त्यांची भरभराट झाली, असे त्याच हदीसमध्ये नमूद आहे. सोलापूरचा व्यापारी या दुआचा लाभ घेतो काय? आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावी सकाळचे गार तास हेच खरे कामाचे तास आहेत. शरीअतनेही उन्हाचा विचार केला आहे : कडक उन्हाळ्यात जुहर थोडी थंडावा होईपर्यंत उशिरा अदा करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे, आणि दुपारची अल्प विश्रांती, म्हणजे कैलूला, ही सुन्नत आहे. पहाटे काम, भर दुपारी विसावा, सायंकाळी पुन्हा काम आणि इशानंतर झोप, हा क्रम सोलापूरच्या हवेला नेमका मानवतो.

पुण्या-मुंबईकडे जाणारी सकाळची गाडी पकडायची असते तेव्हा आपण सारे पहाटे उठतो. गजर लावतो, एकमेकांना हाका मारतो, रात्री लवकर झोपतो. उठणे आपल्याला शक्य आहे, हे गाडीने सिद्ध केले आहे. आता फक्त फजरचे मोल गाडीच्या तिकिटाहून अधिक आहे, एवढे मनाने मानायचे राहिले आहे.

या महिन्यापासून

इल्म आचरणात उतरले तरच उपयोगी पडते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने या महिन्यात पुढील पाच गोष्टी करून पाहाव्यात.

१. घरातील वेळापत्रक आणि मोबाइलमधील अ‍ॅप सोलापूरच्या वेळेनुसार आहे की नाही, ते तपासावे.

२. आठवडाभर प्रत्येकाने एका कागदावर आपला दिवस लिहावा : फजर ते जुहर, जुहर ते असर, असर ते मगरिब, मगरिब ते इशा आणि त्यानंतर. कोणत्या भागात काय केले, एवढेच. हा कागद दुसऱ्याला दाखवण्याची सक्ती नसावी. हजरत उमर (रजि.) यांची शिकवण होती की, तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच तो करून ठेवा.

३. मगरिब ते इशा हा वेळ घराचा ठरवावा. जे घरी असतील त्यांनी एका दस्तरखानवर जेवावे, आणि तेवढा वेळ सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. सुरुवात आई-वडिलांनी स्वतःपासून करावी.

४. इशा झाल्यानंतर, घरच्यांशी बोलणे, अभ्यास आणि आवश्यक काम आटोपून, दिवस बंद करण्याची एक वेळ ठरवावी. भोंगा आता दुसरा कोणी वाजवणार नाही. तो आपणच वाजवायचा आहे.

५. फजरनंतरचा अर्धा तास एका कामासाठी राखावा : एक रुकू तर्जुम्यासह, किंवा मुलांचा अभ्यास, किंवा दुकानाचा हिशेब. काम लहान असले तरी चालेल, पैगंबर (स.) यांनी सातत्याने केलेली थोडी कृतीही अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे सांगितले आहे.

वाचकहो, सूरह अल-मूमिनूनमध्ये कियामतचा एक संवाद आला आहे. माणसांना विचारले जाईल की तुम्ही पृथ्वीवर किती वर्षे राहिलात? ते सांगतील की एक दिवस, किंवा दिवसाचाही काही भाग. साठ-सत्तर वर्षांचे आयुष्य त्या दिवशी एका दिवसाएवढे वाटेल. म्हणून आजचा एक दिवस म्हणजे आपल्या संपूर्ण आयुष्याचा लहान नमुना आहे. त्यात अल्लाहचा हक्क, शरीराचा हक्क, घरच्यांचा हक्क आणि कष्टकऱ्याचा हक्क ज्याने आपापल्या जागी ठेवला, त्याने आयुष्यही तसेच ठेवले. सूरह अल-असरमध्ये तोट्यातून वगळलेली माणसे हीच होत : जी ईमान राखतात, सत्कर्मे करतात आणि एकमेकांना सत्याचा व संयमाचा उपदेश करतात.

हे अल्लाह, आमच्या वेळेत बरकत दे, आमच्या घरांना एकत्र बसण्याची सवड दे, आमच्या कष्टकऱ्यांना विश्रांती आणि हलाल रोजी दे, आणि हिशेबाच्या दिवशी आमचा दिवस आमच्या बाजूने साक्ष देईल असा कर. आमीन.